वाचकांचे प्रश्न : स्वतंत्र व्यंगचित्रकारांची रेषा आणि वाटचाल

दैनिकाच्या किंवा मोठ्या कंपनीच्या पगारावर नसलेला, आपली पात्रं आणि त्यांचे हक्क स्वतःकडे ठेवून काम करणारा व्यंगचित्रकार, असा 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ इथे धरला आहे. मग तो एका चौकटीचं हास्यचित्र काढत असो, की शेकडो पानांची चित्रकथा. एकाच स्वरूपाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : एखाद्याची रेषा आवडते, पण का आवडते ते सांगता येत नाही. 'छान आहे'च्या पुढे गाडी जात नाही. बघायची काही पद्धत असते का?

असते, आणि त्यासाठी स्वतःला चित्र काढता यायची गरज नाही. चित्रकार जे निर्णय पुन्हा पुन्हा घेतो, त्यांतून त्याची शैली घडते. ते निर्णय पकडायचे.

एकाच व्यंगचित्रकाराची तीन पानं घ्या : एक सुरुवातीचं, एक मधल्या काळातलं, एक अलीकडचं. तिन्हींत प्रसंग साधारण सारखा असू द्या, म्हणजे दोन माणसं खोलीत बसून बोलताहेत वगैरे. पाठलागाचं पान आणि गप्पांचं पान शेजारी ठेवलं तर दिसणारा फरक प्रसंगामुळे असतो आणि आपण तो शैलीच्या नावावर जमा करतो. नवख्या वाचकाची पहिली गफलत इथेच होते.

आता संवादांच्या फुग्यांवर कोऱ्या कागदाचे तुकडे ठेवून पान वाचा. प्रसंग कळला, तर गोष्ट चित्र सांगतंय. काहीच हाती लागलं नाही, तर गोष्ट शब्दांवर चालली आहे आणि चित्र तिला सोबत करतंय. उत्तम काम दोन्ही प्रकारांत झालेलं आहे. हा चित्रकार कुठे झुकतो ते मात्र समजतं. मग पान हातभर लांब धरा आणि डोळे किलकिले करा. तपशील पुसले जातात, काळे-पांढरे आकार तेवढे उरतात. नजर आधी कुठे पडते आणि तिथून कुठे जाते ते बघा. चार्ल्स बर्न्स यांच्या 'ब्लॅक होल'मध्ये (१९९५ ते २००५, १२ अंक) पानाचा बराचसा भाग गडद काळा असतो. त्यामुळे कोपऱ्यातला छोटासा पांढरा चेहराही नजर ओढून घेतो आणि वाचक त्याच्यापासून सुटू शकत नाही. त्या कथेतली भीती निम्मी त्या काळ्या रंगात आहे.

त्यानंतर मोजा. पानावर चौकटी किती? एका चौकटीत शब्द किती? पार्श्वभूमी किती चौकटींत काढली आहे आणि किती चौकटी कोऱ्या सोडल्या आहेत? एका चौकटीत पंचवीस-तीस शब्दांच्या पुढे गेलं की चित्राचा श्वास कोंडतो, हा ढोबळ हिशेब. कुणी सातत्याने त्याच्या दुप्पट शब्द घालत असेल, तर त्यामागचं कारण शोधायला हवं.

शेवटी ट्रेसिंग पेपर ठेवून, हलक्या हाताने, एकच चेहरा गिरवा. ही पायरी गाळू नका. डोळ्याला जे दिसत नाही ते हाताला कळतं : पापणी एका झटक्यात आली आहे की तीन तुकड्यांत, नाकाला किती रेषा लागल्या, जबड्यावर हात कुठे रेंगाळला. चेहरा झाल्यावर हाताची बोटं आणि बूट गिरवा. चेहऱ्यावर प्रत्येकजण मेहनत घेतो. जिथे चित्रकाराला फारसा रस नाही, तिथे त्याच्या हाताच्या सवयी उघड्या पडतात.

प्रश्न : काम ब्रशने केलंय, टाकाने, की संगणकावर, हे छापील पानावरून ओळखता येतं का?

बरंचसं येतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि भरपूर उजेड घ्या.

ब्रशची रेषा केसासारखी बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि पुन्हा निमुळती होत संपते. जाडी कुठे बदलली ती जागा बोट ठेवून दाखवता येत नाही. शाई कमी पडली असेल तर रेषेच्या शेवटाकडे सुट्या केसांचे ओरखडे दिसतात. जेफ स्मिथ यांच्या 'बोन'मध्ये अशी रेषा भरपूर बघायला मिळते.

टाकाच्या निबेला दोन पाती असतात. दाब दिला की ती फाकतात आणि रेषा जाड होते. म्हणून हात स्वतःकडे ओढला की रेषा जाड, बाहेर ढकलला की बारीक. ढकलताना जोर लावला तर निब कागदात रुतते. शाई संपत आली की फाकलेल्या पात्यांमधली जागा भरत नाही आणि एका जाड रेषेऐवजी दोन समांतर रेषा उमटतात. भिंगाखाली त्या सापडल्या तर ते टाकाचंच काम.

टेक्निकल पेनची रेषा सगळीकडे सारखी, टोकं गोल, आणि हात थांबला तिथे शाईचा बारीकसा ठिपका. रॉबर्ट क्रम हे रॅपिडोग्राफ या टेक्निकल पेनसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या चित्रांतली आडव्या-तिरप्या रेषांची दाट जाळी पेनामुळेही वाढत गेली असणार, असं आमचं मत. रेषेची जाडीच बदलत नसेल तर सावली दाखवायला रेषांची गर्दी करण्यावाचून इलाज नसतो.

संगणकावरच्या रेषेची दोन्ही टोकं बहुतेक वेळा एकसारखी निमुळती असतात आणि लांब वळणं जरा जास्तच गुळगुळीत असतात, कारण हाताचा कंप सॉफ्टवेअर गाळून टाकतं. आणखी एक खूण : कागदावर दोन ओल्या रेषा अरुंद कोनात भेटल्या की शाई कोपऱ्यात साचते आणि तो भरून जातो. संगणकावर तो कोपरा धारदार राहतो. हल्लीचे डिजिटल ब्रश मात्र हेही हुबेहूब करतात, तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नका. तीन-चार जुळल्या तरच बोला.

छपाई दोन प्रकारे फसवते. पहिला प्रकार आकाराचा. मूळ चित्र बऱ्याचदा छापील आकाराच्या दीडपट काढतात. छापताना ०.३ मिलीमीटरची रेषा ०.२ वर येते आणि हाताची थरथर झाकली जाते. आर्ट स्पीगलमन यांनी 'माउस' मुद्दाम छापायच्याच आकारात, फाउंटन पेनने काढलं. लहान करताना रेषेला जी सफाई मिळते ती तिथे मिळालीच नाही, आणि पान कुणाच्या तरी वहीतून आल्यासारखं वाटतं. वडिलांनी सांगितलेल्या आठवणी मुलगा उतरवून घेतोय, अशा पुस्तकाला ते शोभतं.

दुसरा प्रकार स्कॅनचा. शुद्ध काळी रेषा ६०० किंवा १२०० डीपीआयला (दर इंचाला इतके ठिपके), फक्त काळा आणि पांढरा अशा दोनच छटांत स्कॅन करायची असते. कुणी ती ३०० डीपीआयला करड्या छटांत केली, तर छापताना कडा ठिपक्यांत फुटतात आणि सगळं काम मऊ, धुरकट दिसतं. खात्री करायची असेल तर त्याच पानाचा छापील क्रमांक भिंगाखाली धरा. आकडा स्वच्छ आणि चित्राची कड ठिपक्याठिपक्यांची, असं असेल तर दोष चित्रकाराचा नाही.

प्रश्न : काहींची चित्रं अगदी साधी, जवळपास लहान मुलांसारखी असतात. तरी त्यांचं कौतुक होतं. यांना चित्र येतं तरी का?

साधेपणा आणि कच्चेपणा वेगळे ओळखता येतात. पात्रांच्या नुसत्या काळ्या सावल्या केल्या तरी कोण कोण आहे ते कळतं का? तेच पात्र समोरून, बाजूने, पाठमोरं आलं तरी तेच वाटतं का? चेहरा झाकला तर नुसत्या उभं राहण्यावरून मनःस्थिती पोचते का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर चित्रकाराला नेमकं काय हवंय ते माहीत आहे.

मार्जान सत्रापी यांचं इराणमधल्या बालपणावरचं 'पर्सेपोलिस' २००० ते २००३ या काळात चार भागांत आलं. ते प्रकाशित करणारी लासोसिआसिओं ही फ्रेंच प्रकाशन संस्था व्यंगचित्रकारांनीच १९९० साली सुरू केलेली. त्यात छटा जवळपास नाहीत, सपाट काळं आणि सपाट पांढरं. माणसांची गर्दी आली की तिची नक्षी होते, एकसारखे चेहरे ओळीने. लहान मुलीला मोठ्यांचं जग जसं अंगावर येतं, तसं ते दिसतं. त्याच चित्रांत खऱ्यासारखे चेहरे आणि सावल्या भरल्या तर ही नजर नाहीशी होईल. रँडल मन्रो यांच्या, २००५पासून चाललेल्या 'एक्सकेसीडी' या इंटरनेटवरच्या चित्रमालिकेत तर काडीची माणसं आहेत, त्यांना चेहराच नाही. तिथे दोन आकृत्यांमधलं अंतर आणि शेवटच्या वाक्याआधीची शांत चौकट यांवर सगळा भार असतो.

हार्वी पेकार यांना चित्र काढताच येत नव्हतं. इस्पितळात कारकुनी करत त्यांनी १९७६ साली 'अमेरिकन स्प्लेंडर' स्वतःच्या पैशाने काढायला सुरुवात केली. पानाची मांडणी ते काडीच्या माणसांनी करून द्यायचे आणि वेगवेगळे चित्रकार, त्यांत रॉबर्ट क्रमही, त्यावरून चित्रं काढायचे. शिकण्यासाठी याहून चांगलं साहित्य नाही. दोन चित्रकारांनी काढलेले पेकार शेजारी ठेवा : जे दोन्हीकडे सारखं राहतं, म्हणजे संवादातला अडखळा, मध्येच येणारी निःशब्द चौकट, ते लेखकाचं. जे बदलतं ते चित्रकाराचं.

खरे दोष कुठे असतात, तेही बघून ठेवा. डोक्याची कड नेमकी मागच्या खिडकीच्या चौकटीला टेकली की पुढचं आणि मागचं एकाच पातळीवर येतं, खोली सपाट होते. अशा वेळी डोकं खिडकीवर स्पष्ट चढवायचं किंवा स्पष्ट बाजूला घ्यायचं, टेकवायचं नाही. आधी बोलणाऱ्याचा फुगा खाली आणि उत्तर देणाऱ्याचा वर आला की वाचक उलटं वाचतो आणि विनोद मरतो. या चुका कितीही देखण्या रेषेतही होतात, आणि आमच्या मते त्या वाकड्या नाकापेक्षा कितीतरी गंभीर आहेत.

प्रश्न : शब्द नसलेल्या हास्यचित्रात बघण्यासारखं काय असतं? दोन सेकंदांत हसू येतं आणि संपतं.

हसू येऊन गेल्यावरच बघायला सुरुवात करा. ते दोन सेकंद कसे बांधले आहेत, हा प्रश्न विचारा. शि. द. फडणीस यांचं 'मोहिनी' मासिकाचं मुखपृष्ठ अनेकांच्या डोळ्यांपुढे असेल : तरुणीच्या साडीवर मांजरं, तरुणाच्या शर्टावर उंदीर. शब्द एकही नाही. आधी दोन माणसं दिसली पाहिजेत, मग कापडावरची नक्षी, आणि त्यानंतर त्या नक्षींचं आपसातलं नातं. हा क्रम उलटला तर गंमत आधीच फुटते. म्हणून माणसांचे आकार मोठे आणि सोपे ठेवावे लागतात, रेषा एकसारखी, रंग सपाट. नक्षी इतकी लहान हवी की दुसऱ्या नजरेत कळेल, आणि इतकी स्पष्ट की उंदीर उंदीरच वाटेल. पार्श्वभूमीत एखादी जास्तीची वस्तू आली असती तर नजर तिकडे अडकली असती.

स्वतः तपासायचं असेल तर चित्रातली एकेक वस्तू बोटाने झाका. झाकल्यावरही विनोद शाबूत राहिला, तर ती वस्तू सजावटीची. फडणीसांच्या चित्रांत अशा वस्तू फार कमी सापडतात. गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी त्यांनी काढलेली चित्रं याच शिस्तीतली आहेत : मुलाला संकल्पना दिसली पाहिजे, तिच्या आड काही येता कामा नये.

प्रश्न : एखाद्याचं सगळं काम वाचायचं आहे. पहिल्या अंकापासून सुरुवात करावी का?

आमचा सल्ला : नाही. मधल्या, भरात असलेल्या कामापासून सुरुवात करा, मग मागे जा, मग शेवटाकडे. स्वतंत्र व्यंगचित्रकार लोकांसमोर शिकत असतो, त्याचे पहिले अंक बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी सावलीत असतात. डेव्ह सिम यांचं 'सेरेबस' डिसेंबर १९७७ ते मार्च २००४ असं ३०० अंक चाललं. सुरुवातीचे अंक तलवारबहाद्दर नायकांच्या कॉमिक्सची टिंगल आहेत आणि रेषाही उसनी आहे. तिथेच पुस्तक मिटणाऱ्याला पुढची मांडणी आणि अक्षरलेखन, म्हणजे आवाज चढला की अक्षरंही कशी बदलतात ते, कधीच दिसत नाही. ६५व्या अंकापासून पार्श्वभूमी गेरहार्ड या दुसऱ्या चित्रकाराची आहे. हे ठाऊक नसेल तर इमारती आणि जिने एकाएकी सुधारले याचं श्रेय भलत्यालाच जातं. श्रेयनामावली वाचल्याशिवाय शैलीबद्दल मत बनवू नका.

गिल्बर्ट आणि हायमे हर्नांडेझ या भावांचं 'लव्ह अँड रॉकेट्स' १९८१ साली घरच्या घरी निघालं, १९८२पासून फँटाग्राफिक्स या प्रकाशन संस्थेने काढलं. हायमे यांच्या पहिल्या गोष्टींत अवकाशयानं आहेत, डायनोसॉर आहेत आणि रेषांची भरपूर जाळी आहे. पुढे जाळी गळत गेली. मोजकी रेषा आणि नेमक्या जागी काळा डाग, एवढंच राहिलं. पात्रं मात्र वाचकांबरोबर वयाने वाढली. मॅगी या पात्राची खांद्यांची ठेवण तरुणपणी आणि चाळिशीत कशी बदलते, ते एकदा शेजारी पानं ठेवून बघाच. एवढ्या वर्षांचं काम एका हातात राहिलं तरच हे शक्य होतं.

वाचताना वहीत रकाने आखा : साल, स्वरूप, किती दिवसांनी प्रकाशित, साधन, प्रकाशक, सोबत कोण. बदलांची बरीच कारणं त्यातच सापडतात. ॲलिसन बेक्डेल यांची चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) १९८३ ते २००८ चालली. पट्टीत दर वेळी नव्या वाचकाला थोडक्यात सगळं पुन्हा सांगावं लागतं. २००६ सालच्या 'फन होम' या पुस्तकात ती सक्ती नव्हती, म्हणून एकच प्रसंग त्या पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्या अर्थाने सांगू शकल्या. आकृत्यांसाठी त्या स्वतः तशा उभ्या राहून फोटो काढायच्या. शरीराचं वजन नीट पेललेलं दिसतं त्यामागे ते कष्ट आहेत.

मोकळी गेलेली वर्षं अपयश म्हणून वाचू नका. ज्युली दूसे यांनी १९८८ साली झेरॉक्स केलेल्या पुस्तिकांनी सुरुवात केली, नाव झालं, आणि पुढे त्या कॉमिक्सपासून दूर होऊन कोलाज आणि छापचित्रांकडे वळल्या. २०२२ साली त्यांचं नवं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या अँगुलेम कॉमिक्स महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला. त्या पुस्तकात चौकटी नाहीत आणि पान खालून वर वाचायचं आहे. मधली वर्षं वाया गेलेल्या माणसाचं हे काम नव्हे.

आवृत्तीही बघून घ्या. 'बोन'चे ५५ अंक (१९९१ ते २००४) कृष्णधवल होते. रंग २००५पासून, स्टीव्ह हामाकर यांनी चढवलेले. ब्रशचं काम बघायचं असेल तर कृष्णधवल आवृत्तीच घ्या.

प्रश्न : यांचं पोट कशावर चालतं, याचा चित्रांशी काही संबंध असतो का?

थेट असतो. तपशीलवार पानाला पेन्सिल, शाई, अक्षरं धरून दोन-तीन दिवस सहज जातात. आठवड्याला दोन पानं म्हटली तर २०० पानांच्या पुस्तकाला १०० आठवडे, म्हणजे जवळपास दोन वर्षं. तेवढा काळ पैसे दुसरीकडून आणावे लागतात. त्यामुळे आधी अंकांतून, मग पुस्तक, हा मार्ग. त्यामुळे प्रत्येक भागाच्या शेवटी ओढ लावणारी चौकट. त्यामुळेच सहा किंवा नऊ समान चौकटींची ठरलेली जाळी. मांडणीचा निर्णय एकदाच घेतला की रोजचा वेळ वाचतो. चौकटी सारख्या म्हणून कल्पकता कमी, असा निष्कर्ष काढू नका. उलट अशा पानावर एक चौकट मोडली की तिचा आवाज दुप्पट होतो.

वाचकाला करता येण्यासारखं एवढंच : शक्य तिथे चित्रकाराकडूनच विकत घ्या, आणि प्रकाशनपूर्व नोंदणी असेल तर ती करा. किती प्रती छापायच्या, हे त्या नोंदणीवरून ठरतं.

प्रश्न : हाताने पिन मारलेल्या छोट्या पुस्तिका जमल्या आहेत. काही पिवळ्या पडल्या, काहींची शाई प्लास्टिकला चिकटली. काय करावं?

चिकटलेली 'शाई' बहुधा झेरॉक्सचा टोनर असणार आणि पिशवी पीव्हीसीची. पीव्हीसी मऊ ठेवणारी द्रव्यं बाहेर येतात आणि टोनर सैल करतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पिशव्या वापरा. चिकटलेलं पान ओढू नका. पिशवी दोन्ही कडांनी कापून उघडा आणि अडलेला तुकडा तसाच राहू द्या. रिझोग्राफ या छपाईयंत्रावर छापलेल्या पुस्तिकांची शाई तेलकट असते, ती पुरती कधीच वाळत नाही, बोटांना लागते. समोरासमोर गडद रंग असतील तर मध्ये आम्लमुक्त पातळ कागद घाला.

पिवळेपणा स्वस्त कागदातल्या लिग्निनमुळे येतो, उजेड आणि हवा तो वाढवतात. आलेला जात नाही, पुढचा लांबवता येतो : मागे आम्लमुक्त पुठ्ठा, बंद खोका, पुस्तिका उभ्या आणि इतक्या लगत की कललेल्या राहणार नाहीत. पिना गंजू लागल्या असतील तर मधल्या पानावर वळलेले त्यांचे पाय सरळ करून त्या काढा आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कधीच नाही.

जुनी पुस्तिका हाती आली की आधी पानं मोजा. एक कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणून मुखपृष्ठ धरून एकूण संख्येला चारने भाग गेला पाहिजे. १४ पानं भरली तर कागदाचा अर्धा भाग (दोन पानं) निसटलेला आहे, आणि त्याचा जोडीदार पुस्तिकेच्या दुसऱ्या अर्ध्यात सुटा लोंबत असेल. तो आधी शोधून जागेवर ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तोही हरवेल.